जिल्हा परिषद शाळांत इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

तिसरीतलं मूल इंग्रजीचा धडा घडाघडा म्हणतं, बोटही ओळीवरून बरोबर सरकतं. आता त्याच धड्यातले चार-पाच शब्द उलटसुलट क्रमाने फळ्यावर लिहा. मूल तिथे थबकलं, तर ते वाचत नव्हतं, आठवत होतं. जिल्हा परिषद शाळांतल्या इंग्रजीची बरीचशी दुखणी या एका गफलतीतून निघतात. ही गफलत वर्गापुरती राहत नाही. शाळाभेटीला आलेले साहेब, तालुक्याचा अहवाल, जिल्ह्याचं नियोजन, सगळीकडे पाठांतरालाच वाचन समजून पुढे सरकलं जातं.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. त्यामुळे आज शिकवणारे कितीतरी गुरुजी आणि बाई स्वतः पाचवीपासून, भाषांतर आणि पाठांतराच्या वाटेने इंग्रजी शिकले. मराठी सफाईने वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ती वाट कशीबशी चालत होती. सहा वर्षांच्या मुलाला ती चालत नाही, कारण त्याचं मराठी वाचनच अजून बसायचं असतं.

‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’

कोणत्याही शाळेच्या व्हरांड्यात ऐकू येणारा हा घोष. यात मूल अक्षरांची नावं शिकतं, पण सी, ए, टी ही नावं एकामागून एक कितीही वेळा म्हटली तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही. ते निघण्यासाठी अक्षराचा ध्वनी लागतो. २६ अक्षरं आणि सुमारे ४४ ध्वनी, असा इंग्रजीचा हिशेब आहे. घोषाने तो सुटत नाही.

ध्वनी शिकवताना आपल्याकडे एक खास अडचण येते आणि प्रशिक्षणात तिच्यावर क्वचितच कोणी बोलतं. देवनागरीत ‘क’ म्हटलं की त्यात ‘अ’ आलाच. म्हणून मूल ‘क, ॲ, ट’ जोडायला जातं आणि तोंडातून ‘कअॅट’सारखं काहीतरी विचित्र निघतं. बाईंना वाटतं, पोराच्या डोक्यात शिरत नाही. खरं तर ध्वनीच चुकीचा दिलेला असतो. पाय मोडलेला ‘क्’ म्हणा, ‘म्’ म्हणताना ओठ मिटलेलेच ठेवा, ‘स्’ लांबवा. पहिलीच्या मुलाला बाराखडी येत असेल तर त्याचाही फायदा घ्या: आधी ‘कॅ’ जुळवायचं, मग त्याला ‘ट्’ लावायचा. तीन तुकडे एकदम जोडण्यापेक्षा हे आपल्या मुलांना लवकर जमतं.

अक्षरंही एबीसीडीच्या क्रमाने घेऊ नका. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा आधी घेतली की पिन, टिन, पॅन, टॅप, सिट असे शब्द लगेच तयार होतात आणि मुलाला पहिल्या महिन्यातच ‘मी वाचलं’ असं वाटतं. क्रमाने गेलात तर एफपर्यंत पोचूनही हाताशी मोजकेच शब्द असतात.

भिंतीवरचा तक्ता

‘एक्स फॉर झायलोफोन’ हा तक्ता जवळपास प्रत्येक वर्गात आहे. झायलोफोन कोणी पाहिलेला नाही, आणि त्याची सुरुवात ‘झ’ने होते, जो एक्सचा नेहमीचा ध्वनीच नव्हे. ‘ओ फॉर आउल’, ‘आय फॉर आइस्क्रीम’ हीदेखील त्याच माळेतली मणी. तक्ता फाडायची गरज नाही, पण त्यावरून ध्वनी शिकवू नका.

उलट मुलांच्या तोंडी आधीच असलेले शब्द पाहा: बस, कप, मग, जग, पेन, बॅट, बॅग, नेट, नट, टब. हे सगळे तीन ध्वनींचे, सरळ जुळणारे शब्द आहेत आणि अर्थ सांगायला एक मिनिटही जात नाही. ट्रॅक्टर, क्लच, ड्रिप, पंप पुढच्या टप्प्यावर येतात. शेतातल्या मोटारीच्या पेटीवर काय लिहिलंय हे चौथीतल्या मुलाने वाचून दाखवलं की पालक सभेत वेगळा कार्यक्रम लागत नाही.

ओळीच्या वर मराठी

पुस्तकात प्रत्येक इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी लिहिलेली असते. कधी मूल लिहितं, कधी घरचे, कधी बाईच फळ्यावर देतात. डोळ्याला सोपं अक्षर दिसल्यावर तो खाली कशाला पाहील? मूल वर्षभर मराठीच वाचतं आणि आपण इंग्रजीचे गुण देतो. शिवाय ‘वेट’ असं लिहिल्यावर तो शब्द ओल्याचा की जनावरांच्या डॉक्टरचा, हे कळत नाही, कारण इंग्रजीतली दोन वेगळी अक्षरं आपल्या एका ‘व’त जाऊन बसतात. परत स्पेलिंग लिहायची वेळ आली की मुलाच्या हाती काहीच नसतं.

सवय लागली असेल तर एका दिवसात खोडरबर फिरवू नका. फक्त अडलेल्या शब्दालाच खूण करायची परवानगी द्या. खुणा कमी होत जातील तसा मुलाला स्वतःचाच अंदाज येतो.

शाळाभेटीत पोएम

‘बाळा, एखादी पोएम म्हण बघू.’ मूल हातवारे करून म्हणतं, टाळ्या पडतात, शेरेपुस्तकात ‘समाधानकारक’ लिहिलं जातं. पुढच्या भेटीपर्यंत शाळा काय तयार करेल? आणखी एक पोएम. वर काय तपासलं जातं, त्यावर खाली काय शिकवलं जातं हे ठरतं. म्हणून ही चूक मी शिक्षकांच्या खात्यावर मांडणार नाही.

भेटीला जाणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. धड्याची शेवटची ओळ आधी वाचायला सांगावी. चित्र हाताने झाकावं. आणि ‘मिब’, ‘टॅफ’ असे अर्थ नसलेले शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावेत, कारण जे कधी ऐकलंच नाही ते आठवता येत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीतली इंग्रजीची चाचणीही अशीच साधी आहे: मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं, आणि वाचता आलं तर अर्थ. एका मुलाला काही मिनिटं लागतात. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांनी जूनमध्येच ती घेतली, तर कोणतं मूल कोणत्या पायरीवर आहे हे नावानिशी कळतं. सरासरी टक्केवारीतून ते कधीच कळत नाही.

प्रश्नातला शब्द शोधा, ओळ उतरवा

पाचवी-सहावीत ही युक्ती मुलं स्वतःच शोधून काढतात. प्रश्नात ‘फार्मर’ आहे, धड्यात ‘फार्मर’ असलेली ओळ आहे, उतरवली, बरोबरची खूण मिळाली. अर्थ कशाला हवा? प्रश्न जरा वळवून विचारा. शेतकरी बाजारात का गेला नसता, असं विचारलं की उतरवायला ओळ सापडत नाही. उत्तर मराठीत आलं तरी चालेल, आधी समजलंय का ते पाहू. ‘वर्गात फक्त इंग्रजीच’ हा नियम इथे घात करतो. मुलं गप्प बसतात आणि कुणाला कळलं नाही हे कळायचा मार्गच बंद होतो.

निबंधाचं तर विचारूच नका. अख्ख्या वर्गाच्या गायी ‘डोमेस्टिक ॲनिमल’ असतात आणि एकीचंही नाव कपिला नसतं. स्वतःच्या घरावर मोडक्यातोडक्या तीन ओळी लिहू द्या.

सगळ्या जिल्ह्याला एकच माप

‘या आठवड्यात सर्व शाळांत अमुक पाठ’ असं वेळापत्रक कागदावर छान दिसतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला ६० मुलांच्या पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे गावोगावी एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तिथे इयत्तेप्रमाणे पाठ ओढण्यापेक्षा वाचनाच्या पायरीप्रमाणे गट करा. अर्धा तास एका गटाला, बाकीच्यांना शब्दपट्ट्या.

भाषेचंही तसंच. धडगाव-अक्कलकुव्यात घरची बोली भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया. तिथल्या मुलाला मराठीच दुसरी भाषा आहे. ‘टायगर म्हणजे वाघ’ सांगून तिथे काम होत नाही. चित्र, वस्तू, कृती दाखवा आणि अर्थ मुलाच्या बोलीत मुलाकडूनच घ्या.

प्रशिक्षणाचंही एकच माप असतं. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून केंद्राला, अशा उतरंडीत शेवटच्या शिक्षकापर्यंत फक्त पीपीटी पोचते. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासनाच्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे लहान गट ठरावीक काळाने भेटत आणि त्यांच्यातलाच एक जण गट चालवत असे. केंद्रातल्या शिक्षकांच्या दरमहाच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, तेवढं तरी करता येईल: परिपत्रकांना अर्धा तास, उरलेल्या वेळात कुणीतरी प्रत्यक्ष मुलांसमोर ध्वनी जोडून दाखवणं आणि बाकीच्यांनी ते करून पाहणं.

पट टिकवायला घाईघाईने सेमी इंग्रजी (गणित-विज्ञान इंग्रजीतून) सुरू करणाऱ्या शाळांनी एवढंच पाहावं की गणिताचं शाब्दिक उदाहरण मुलाला वाचता येतं का. नाही आलं, तर तिथे दोन विषय एकदम बुडतात.

ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या आसपास बीडहून जातात आणि हंगाम संपल्यावर परत येतात, तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असतो. हंगामी वसतिगृहात राहिली तर उत्तम. जाणारच असतील तर सोबत एक कार्ड द्या: कोणते ध्वनी येतात, कोणते शब्द वाचतो, कुठे अडतो. कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंना पहिल्या दिवशी तिथूनच सुरुवात करता येईल, आणि परत आल्यावर तुम्हालाही.