बेसिनखालचे लाकडी कपाट: करवत हाती घेण्यापूर्वीची तयारी

मी घरी केलेले पहिले कपाट आठव्या महिन्यात खालून फुगले. दर्शनी बाजूला पॉलिशचे तीन हात दिले होते, आतून रंग लावला होता, बिजागऱ्या चांगल्या प्रतीच्या घेतल्या होत्या. फक्त बाजूच्या फळ्यांच्या जमिनीला टेकणाऱ्या कडा कोऱ्या ठेवल्या होत्या, कारण त्या कोणालाच दिसणार नव्हत्या. फरशीवर सांडलेले पाणी त्या कडांमधून वर चढत राहिले आणि माझ्या लक्षात येईपर्यंत प्लायवुडचे थर एकमेकांपासून सुटले होते. म्हणून पुढील तयारीत कडांचा उल्लेख वारंवार येईल, आणि त्याचा कंटाळा आला तरी तो वगळून वाचू नये.

फूटपट्टी, गुण्या आणि पेन्सिल लागतात हे सांगायला नको. मोजमाप मात्र भिंतीपासून सुरू न करता नळजोडणीपासून सुरू करावे. सांडपाण्याच्या नळीचा मध्य जमिनीपासून किती उंचीवर आहे, दोन्ही अँगल कॉक (भिंतीतून येणाऱ्या पाण्याच्या जोडणीवरचे छोटे नळ) कोठे आहेत आणि बेसिनखालचा बॉटल ट्रॅप (पाणी साठवून दुर्गंधी अडवणारा बाटलीच्या आकाराचा जोड) किती खाली उतरतो, या गोष्टी भिंतीच्या आराखड्यावर आकड्यांसह लिहून काढल्याशिवाय खणांचा (ड्रॉवरचा) विचारही करू नये. वरचा खण बहुधा मागच्या बाजूने इंग्रजी यू अक्षराच्या आकारात कापावा लागतो, आणि ते कपाट तयार झाल्यावर कळले तर फार उशीर झालेला असतो. वरच्या पृष्ठभागाची उंची साधारण 80 ते 90 सेंटिमीटर ठेवतात, पण बेसिन या पृष्ठभागाच्या वर ठेवायचे असेल तर त्याची स्वतःची उंची त्यातून वजा करावी, अन्यथा हात धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळते. बेसिन आधी घरी आणावे आणि मगच आराखडा पक्का करावा. माहितीपत्रकावरील मापांवर विसंबून मोठे छिद्र पाडणे हा शुद्ध जुगार आहे. दरवाजा आणि खण पूर्ण उघडतात का, हे जमिनीवर खडूने आखून पाहावे.

लाकूड निवडताना एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचे तंतू किंवा भुसा दाबून केलेले तक्ते) यांचा मोह टाळावा. कपाटाच्या सांगाड्यासाठी 18 मिलिमीटर जाडीचे मरीन प्लायवुड घ्यावे, कारण त्यातील फिनॉलिक डिंक पाण्याने सुटत नाही. परंतु येथेच माझी फसगत झाली होती. डिंक पाण्याला दाद देत नसला तरी लाकूड पाणी पितेच, आणि वारंवार ओले व वाळते होत राहिले की लाकडाचा तंतूच कुजतो. साग वापरायचा असेल तर त्यात मूळचे तेल असते, त्यामुळे सांधा चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून लगेच डिंक लावावा. अखंड लाकडाच्या फळ्या रेषांना (तंतूंच्या दिशेला) काटकोनात फुगतात आणि आक्रसतात; त्या चारही बाजूंनी जखडल्या तर फाटतात. लाकूड कापण्यापूर्वी ते काही दिवस घरात उभे करून ठेवावे.

आता कडा. लाकडाच्या रेषा जेथे तुटतात तेथे त्याच्या सूक्ष्म नळ्यांची तोंडे उघडी पडतात, आणि सपाट बाजूच्या मानाने तेथून पाणी कितीतरी वेगाने आत शिरते. प्लायवुडमध्ये एकाआड एक थर आडवे बसवलेले असल्यामुळे त्याच्या चारही कडांवर अशी तोंडे उघडी असतात. एकही कड निर्धोक नसते. म्हणून फळ्या कापून झाल्यावर, कपाट डिंकाशिवाय एकदा जुळवून पाहिल्यावर आणि सर्व छिद्रे पाडून झाल्यावर ते पुन्हा सुटे करावे व प्रत्येक कड बंद करावी. खालची कड, भिंतीला लागणारी मागची कड, बेसिनसाठी कापलेल्या गोलाची आतली कड, नळ्यांच्या छिद्रांची कड आणि बिजागरीसाठी पाडलेल्या खळग्याचा तळ हे सर्व त्यात आले. पहिला हात पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचा (पारदर्शक वॉर्निशचा एक प्रकार) किंवा पातळ इपॉक्सीचा (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारे राळ) द्यावा. तो पाहता पाहता शोषला जाईल, आणि काम झाले असे वाटेल. झालेले नसते. कड चकाकू लागेपर्यंत, म्हणजे किमान तीन हात, देत राहावे. सांध्यात जेथे डिंक लागणार आहे तेवढ्या भागावर आधी मास्किंग टेप लावावी, कारण पॉलिशवर डिंक धरत नाही. कडेवर पट्टी चिकटवली आहे म्हणून हे टाळू नये. पट्टी शोभेसाठी असते, आणि खालच्या कडेला ती बहुतेक जण लावतही नाहीत. मीही लावली नव्हती.

शक्य असल्यास लाकूड जमिनीला टेकवूच नये. उंची कमी-जास्त करता येणारे प्लास्टिकचे पाय लावावेत आणि पुढे काढता येणारी पट्टी अडकवावी. पाय लावले तरी कडा बंद करायच्याच.

पॉलिशसाठी दोन हातांमध्ये 220 नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. जवसाचे तेल किंवा तत्सम वाळणारे तेल वापरणार असाल तर भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात. डिंक पाण्याला टिकणाराच घ्यावा, स्क्रू व बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. खणांचे चॅनेल (खण ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) आधी हातात घ्यावे आणि त्यानंतर खणाची रुंदी ठरवावी.

वर दगड बसवणार असाल तर वजनाचा हिशेब करावा: 20 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस मीटरला सुमारे 54 किलो भरतो, म्हणजे 90 बाय 50 सेंटिमीटरचा तुकडाच जवळजवळ 24 किलोचा होतो, आणि बेसिन त्याहून वेगळे. भिंतीवर लटकणारे कपाट करायचे असेल तर हे वजन पोकळ भिंतीच्या भरवशावर सोडू नये.

बसवण्याच्या दिवशी लागेल ते थोडक्यात: स्पिरिट लेव्हल, भिंतीच्या वाकडेपणासाठी पातळ पाचरी, मदतीला एक माणूस, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन (व्हिनेगरसारखा वास येणारे नको, ते धातू आणि काही दगड खराब करते). मुख्य नळ आधी बंद करावा. ऐन वेळी छिद्र मोठे करावे लागले, आणि ते लागतेच, तर नवी कड पुन्हा कोरी झालेली असते. त्यासाठी थोडे पॉलियुरेथेन आणि एक जुना ब्रश हाताशी ठेवावा. नळ्या जोडल्यावर ट्रॅपखाली कोरडा कागद पसरून तो रात्रभर तसाच ठेवावा.