बर्लिनचे कॉम्प्युटरश्पीलेम्युझियम कसे पाहावे

संगणकीय खेळांना वाहिलेले हे संग्रहालय प्रथम १९९७ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०११ पासून ते कार्ल मार्क्स आले या रस्त्यावर ९३अ क्रमांकाच्या इमारतीत आहे. आलेक्झांडरप्लाट्सवरून यू५ मेट्रोने निघाल्यास तिसरे स्थानक व्हेबरव्हीझे, तेथे उतरावे. या रस्त्याचे नाव १९६१ पर्यंत स्टालिनआले होते, आणि दोन्ही बाजूंच्या भव्य इमारती पूर्व जर्मनीच्या राजवटीने पन्नाशीच्या दशकात उभारल्या. हे आधी ठाऊक असले, तर आत दिसणाऱ्या काही यंत्रांचा अर्थ अधिक नीट लागतो. सुट्टीच्या दिवशी मुलांची गर्दी होते, म्हणून शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जावे.

आत गेल्यावर लगेच ओळखीच्या खेळांकडे धाव घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. सुरुवात निमरॉडच्या प्रतिकृतीपासून करावी. फेरांटी या ब्रिटिश कंपनीने १९५१ मध्ये बनवलेले हे यंत्र मनोरंजनासाठी नव्हे, तर संगणक काय करू शकतो हे लोकांना दाखवण्यासाठी होते. त्याच वर्षी ते पश्चिम बर्लिनमधील औद्योगिक प्रदर्शनात आले आणि तेथे त्याने पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री लुडविग एअरहार्ड यांना हरवले. यंत्राला येणारा ‘निम’ हा एकच खेळ आदल्या रात्री काडेपेटीतल्या काड्यांवर शिकून घेतला, तर ही प्रतिकृती नुसते लोखंडी कपाट वाटत नाही. तीन, चार आणि पाच काड्यांचे तीन ढीग करावेत. प्रत्येकाने आपल्या पाळीला कोणत्याही एका ढिगातून हव्या तितक्या काड्या उचलाव्यात, आणि शेवटची काडी घेणारा जिंकला असे धरावे. प्रत्येक ढीग मनातल्या मनात चार, दोन आणि एक अशा भागांत फोडावा, आणि आपल्या चालीनंतर प्रत्येक आकाराचे भाग सम संख्येत उरतील असे पाहावे. या मांडणीत दोनचा भाग एकटाच आहे. म्हणून तीनच्या ढिगातून दोन काड्या उचलाव्यात. पुढेही हाच हिशेब सांभाळला, तर समोरच्याला जिंकता येत नाही.

त्यानंतर पाँगकडे वळावे. पडद्यावर दोन फळ्यांनी चेंडू टोलवण्याचा १९७२ चा हा खेळ ॲलन अल्कॉर्न यांनी अटारी या अमेरिकन कंपनीसाठी बनवला. त्याच वर्षी बाजारात आलेल्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या पहिल्या घरगुती कन्सोलमागचे (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रामागचे) राल्फ बेअर मात्र जन्माने जर्मन होते आणि १९३८ मध्ये ज्यू कुटुंबासह त्यांना देश सोडावा लागला होता. घरगुती कन्सोलांची रांग भरभर पाहिली तरी चालते, कारण काचेआडच्या कन्सोलला हात लावता येत नाही, आणि ज्यांनी लहानपणी गेमच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या डबीत, फुंकर मारून गेम चालू केला आहे त्यांना काच विशेष खटकते.

खरा वेळ पॉली-प्लेला द्यावा. कार्ल-मार्क्स-श्टाट (आजचे केम्निट्झ) या शहरातील सरकारी कारखान्याने ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बनवलेले हे पूर्व जर्मनीचे नाणे टाकून खेळायचे यंत्र. एकाच पेटीत आठ खेळ होते, आणि आतला यू८८० हा प्रोसेसर झेड८० या अमेरिकन प्रोसेसरची पूर्व जर्मनीतच केलेली नक्कल होता. ‘हाझे उंड व्होल्फ’ हा खेळ निवडावा: पॅकमॅनच्या धर्तीचा चक्रव्यूह, पण त्यात सोव्हिएत कार्टूनमधले ससा आणि लांडगा. पाश्चात्त्य वस्तू आयात करता येत नाही आणि मुलांना तर तीच हवी, या पेचातून काढलेली ही वाट माझ्या मते संपूर्ण संग्रहालयात सर्वांत बोलकी आहे.

पेनस्टेशन शेवटी ठेवावे. २००१ च्या या कलाकृतीत दोघे पाँगच खेळतात, पण डावा तळहात यंत्रावर टेकवलेला असतो आणि चूक झाली की त्याला चटका, विजेचा झटका किंवा चाबकाचा फटका बसतो. हात आधी उचलणारा हरतो. लहान मुलांना यापासून दूर ठेवावे. आणि मोठ्यांनीही इतर सर्व खेळून झाल्यावरच येथे यावे, कारण तळहात हुळहुळत असताना जॉयस्टिक नीट धरता येत नाही.