मुलांचं ऑनलाइन गाणं : तानपुरा मुलाच्याच खोलीत वाजू द्या

लॅपटॉप आहे, नेट बरं आहे आणि अर्धा तास दार लावून घेता येईल अशी खोली आहे, हे मी धरून चालते. रंगीत तक्ते भिंतीवर लावा, महागडा माइक आणा, रोज तासभर बसवा, असले सल्ले तुम्ही वाचले असतील तर सोडून द्या. मी सहा ते बारा वर्षांच्या मुलांना हिंदुस्थानी गायन शिकवते आणि बहुतेक मुलं स्क्रीनच्या पलीकडची आहेत. काही नाशिक-कोल्हापूरकडची, काही न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात वाढणारी. पेटी किंवा तबला शिकणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, पण लिहितेय ते गाण्याबद्दल.

क्लास लावण्याआधी खेळू द्या

पाच-सहा वर्षांच्या मुलाला थेट अलंकारांना, म्हणजे सरगमच्या ठरावीक पलट्यांना, जुंपू नका. गूगलची ‘क्रोम म्युझिक लॅब’ 2016 पासून आहे. ती फुकट आहे आणि खातं उघडावं लागत नाही. तिथल्या ‘स्पेक्ट्रोग्राम’मध्ये माइक चालू करून मुलाला ‘आ’ म्हणायला लावा, मग त्याच सुरात ‘ई’. पडद्यावरचे पट्टे बदलतात. शिट्टी मारली की एकच बारीक रेघ दिसते. मग मूल घरातलं कुकरपासून कुत्र्यापर्यंत काय काय त्यात घालून बघतं. बघू द्या.

‘साँग मेकर’ हे आणखी कामाचं. त्यात चौकोन रंगवले की सूर वाजतात. सेटिंगमध्ये स्केल ‘मेजर’ ठेवलं तर बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर मिळतात. ‘पेंटॅटॉनिक’ निवडलं तर सा रे ग प ध एवढेच उरतात, म्हणजे भूप रागाचे स्वर. तिथे मूल कुठेही बोट ठेवो, कानाला खटकणारं फारसं काही निघत नाही. सुरुवातीची मांडणी चार बार आणि प्रत्येकात चार ठोके अशी असते. एकूण 16 झाले, म्हणजे 16 मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन, एक पूर्ण फेरी, तयारच आहे. खालच्या तालाच्या रांगेत पहिल्या ठोक्यावर दणका टाकायला सांगा. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, मग शब्दांत समजावत बसावी लागत नाही. झालेली चाल लिंक म्हणून जपता येते आणि आजीला पाठवता येते.

वरून पडणाऱ्या रंगीत ठोकळ्यांवर बोट मारायला लावणारे पियानोचे खेळ मात्र मी घरात येऊ देणार नाही. त्यात डोळा आणि बोट तरबेज होतं, कान तसाच राहतो. आवाज बंद करूनही मूल पूर्ण गुण मिळवतं, घरी करून बघा.

ऐकणं

ऑटोप्ले बंद करा, नाहीतर भूपापासून निघालेलं मूल दहा मिनिटांत भलतीकडे पोचतं. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेने ॲम्स्टरडॅम विद्यापीठाबरोबर केलेला ‘म्युझिक इन मोशन’ प्रकल्प नेटवर आहे. त्यात गाणं चालू असताना सुराची रेघ पडद्यावर सरकत जाते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठून निघाली आणि कुठे टेकली हे मुलांना त्यात पटकन दिसतं. ‘प्रसार भारती आर्काइव्हज’च्या यूट्यूब वाहिनीवर जुनं आकाशवाणी-दूरदर्शनचं ध्वनिमुद्रण मिळतं. एका बैठकीला पाच-सात मिनिटं पुरे. तान, म्हणजे भरभर म्हटलेली सुरांची माळ, पकडायची असेल तर यूट्यूबचा वेग 0.75 करा. लय कमी होते, पट्टी, म्हणजे सुराची उंची, तीच राहते.

पट्टी आधी ठरवा

यूट्यूबवर पुरुष गुरुजी काळी 1 मध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या सुराला सा धरून, सरगम शिकवतात आणि आठ वर्षांचं मूल त्यांच्यामागे म्हणायला जातं. खालचे सूर घशात अडकतात. मग ते सोडून मूल वरच्या सप्तकात किंचाळायला लागतं आणि घरचे म्हणतात, ‘याला गळाच नाही.’ गळा आहे, पट्टी त्याची नाही. बहुतेक लहान मुलांचा सा काळी 4 ते काळी 5 च्या आसपास बसतो, काहींचा त्याच्याही वर. मुलाला आवडतं गाणं आपलं आपण गुणगुणू द्या, सोयीचा सा शोधा. तिथून वरचा सा ओरडल्याशिवाय लागतो का आणि खालच्या ध-नीपर्यंत आवाज न घोगरता जातो का, एवढं पाहा. ॲपमध्ये इंग्रजी नावं असतात म्हणून सांगते : सी शार्प म्हणजे काळी 1, जी शार्प म्हणजे काळी 4, ए शार्प म्हणजे काळी 5. ठरलेली पट्टी कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवा, म्हणजे दर वेळी वेगळा सा लागणार नाही. मुलगा बारा-तेराचा झाला आणि आवाज फुटायला लागला की पट्टी उतरवत न्यावी लागते. त्या काळात वरच्या सुरांचा हट्ट धरणाऱ्या शिक्षकापासून मुलाला लांब ठेवा.

आवाजाची मांडणी : सगळं इथे बिनसतं

या टप्प्याशी मी बरीच झुंजले आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मांडणी चुकली तर शिक्षक कितीही चांगला असो, वर्ष वाया जातं.

व्हिडिओ कॉलची ॲप बोलण्यासाठी बनवलेली आहेत. बोलणं तुटक असतं, चढउताराचं असतं. जे एकसारखं आणि सतत वाजतं ते ॲपच्या लेखी पंखा, मिक्सर किंवा रस्त्यावरची रहदारी. ते गाळून टाकणं हे त्याचं काम आणि ते काम ॲप इमानेइतबारे करतं. आता तानपुऱ्याहून एकसारखं आणि सतत वाजणारं काय असतं? पहिले काही क्षण तानपुरा ऐकू येतो, मग विरतो. मूल गायला लागलं की मधूनच त्याचा एखादा तुकडा वर येतो आणि परत बुडतो.

त्याहून वाईट गत लांब लावलेल्या सुराची होते. मुलगी डोळे मिटून सा लावते. तीन-चार सेकंदांनी पलीकडे आवाज बारीक होत नाहीसा होतो. पडद्यावर तिचं तोंड उघडं, गाल लाल, बोटं मांडीवर घट्ट दाबलेली. आणि गुरुजी म्हणतात, ‘बाळा, सूर मध्येच सोडू नकोस, दम वाढव.’ तिने सूर सोडलेलाच नसतो, ॲपने खाल्लेला असतो. असं चार वेळा झालं की मूल लांब सूर लावायचंच बंद करतं, आणि का ते त्यालाही सांगता येत नाही.

उपाय सेटिंगमध्ये आहे. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगात ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ असा पर्याय आहे. तो तिथे निवडायचा आणि कॉल सुरू झाल्यावर पडद्यावर तो चालू दिसतोय ना हे दर वेळी बघायचं. सेटिंगमध्ये आहे म्हणजे कॉलमध्ये चालू आहे, असं धरून चालू नका. गूगल मीटमध्ये ‘नॉईज कॅन्सलेशन’ बंद करायचं. हे मुलाच्या बाजूला करायचं आणि शिक्षकांच्या बाजूलाही. झूममधलं ‘एको कॅन्सलेशन’ मात्र दोन्हीकडे इअरफोन असतील तरच बंद करा, नाहीतर आवाज गरगरत राहतो.

खात्री करायची तर दुसऱ्या फोनवरून त्याच कॉलमध्ये शिरा, शेजारच्या खोलीत जाऊन दार लावा, इअरफोन घाला आणि मुलाला दहा सेकंदांचा सा लावायला सांगा. शेवटपर्यंत आला तर ठीक. ‘आमचं नेट फास्ट आहे’ हे उत्तर मला देऊ नका. नेटचा आणि याचा संबंध नाही.

पुढचा मुद्दा उशिराचा. ध्वनी हवेत सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्याचं गाणं आपल्याला 30 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं. एवढा उशीर असला तरी एकत्र गाता येतं. मुंबईहून न्यू जर्सीला सिग्नल जाऊन परत यायला मात्र नुसते 200 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, वर ॲपचा स्वतःचा वेळ. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. आता शिक्षकांनी इकडून तबल्याचा ठेका लावला आणि मूल त्यावर अगदी लयीत गायलं, तरी शिक्षकांच्या कानावर ते जवळजवळ अर्धी मात्रा मागे पडून येतं. ठेकाही बरोबर, मूलही बरोबर आणि ऐकणाऱ्याला दोघं भांडल्यासारखे. गावातल्या गावात हा उशीर कमी असतो, पण एकत्र गाण्याइतका कमी नाही. तेव्हा ‘माझ्याबरोबर म्हणा’ हा प्रकार ऑनलाइन बाद. जे शिक्षक कॉलवर आठ मुलांना एका वेळी अनम्यूट करून समूहगान करवतात, त्यांच्या क्लासची फी भरण्याआधी मागच्या क्लासचं रेकॉर्डिंग मागा.

म्हणून नियम एकच : मूल ज्याला धरून गाणार ते सगळं मुलाच्या खोलीत वाजलं पाहिजे. तानपुराही तिथे, ठेकाही तिथे. मग उशीर होतो तो सगळ्याला सारखाच. शिक्षकांना गाणं, तानपुरा आणि ठेका एकमेकांना धरून ऐकू येतात आणि चूक खरोखर कुणाची ते कळतं. अँड्रॉइडवर ‘तानपुरा ड्रॉइड’ आहे, आयफोनवर ‘आयतबला प्रो’मध्ये तानपुरा आणि ठेका दोन्ही आहेत. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची (प) ठेवा. मालकंसासारखा पंचम नसलेला राग आला की ती मध्यमावर (म) घ्या.

हे ॲप कॉलच्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर लावू नका. कॉल चालू असताना फोन दुसरा आवाज दाबतो, आणि स्वतःच्या स्पीकरमधून आलेलं बऱ्याचदा प्रतिध्वनी समजून कापतो. कपाटातला जुना फोन काढा, त्याला सिमही लागत नाही. तो मुलाच्या मागे किंवा बाजूला दोन हातांवर ठेवा, माइक मुलापासून एका हातावर. मूल हळू गुणगुणलं तरी त्याला तानपुरा ऐकू येईल इतकाच मोठा. शिक्षकांचा आवाज मुलाने साध्या तारेच्या इअरफोनवर ऐकायचा, तोही एकाच कानात. दुसरा कान तानपुऱ्याला आणि स्वतःच्या गळ्याला. ब्लूटूथ नको. त्यात उशिराची भर पडते आणि त्याचा माइक वापरला की आवाजाचा दर्जा घसरतो.

जाता जाता ट्यूनर ॲपबद्दल. सूर हिरव्या रेघेवर आला की टाळ्या, असं करणारे पालक मला भेटतात. ट्यूनर आणि पेटी, दोन्हींत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या तारेतून, जो गांधार (ग) आपोआप ऐकू येतो, तो या सारख्या भागांतल्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. म्हणजे मुलाने कान देऊन तानपुऱ्यात मिळवलेला सुंदर गांधार ट्यूनर ‘कमी’ म्हणून दाखवणार आणि तुम्ही तो मोडायला लावणार. पहिलं वर्ष तरी ते ॲप फोनमधून काढून टाका.

क्लासमध्ये

शिक्षक म्हणतील, थांबतील, मग मूल म्हणेल. दोघांनी एका वेळी नाही. लहान मुलाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास हे एकदा तासभरापेक्षा बरं. पालकांनी पडद्याबाहेर बसावं आणि ‘नीट म्हण ना’ हे कुजबुजणं बंद ठेवावं. ओरिजिनल साउंडमध्ये तेही स्पष्ट ऐकू येतं. अमेरिकेतल्या पालकांनी मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी शिक्षकांना आठवणीने निरोप टाकावा. तुमची घड्याळं सरकतात, इथली नाही.

घरचा रियाज

पंधरा मिनिटं, तानपुऱ्यावर, स्क्रीन बंद. आठवड्यातून एकदा फोनच्या साध्या रेकॉर्डरवर एक अलंकार आणि बंदिशीची एक ओळ रेकॉर्ड करून शिक्षकांना पाठवा. कॉलवर जे हरवतं ते यात सापडतं. रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा ऐकू आलाच पाहिजे, नाहीतर मी ते परत पाठवते. चांगलं जमेपर्यंत वीस वेळा रेकॉर्ड करू नका, पहिलंच पाठवा.

परीक्षेचं विचारणार हे माहीत आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रारंभिक’ ही पहिली परीक्षा, मग ‘प्रवेशिका’ आणि पुढच्या. मूल तानपुऱ्यावर एकट्याने, कुणी सूर न देता, सा लावून भूपाचा आरोह-अवरोह म्हणू शकत असेल तर फॉर्म भरा. इअरफोनमधून शिक्षकांचा सा ऐकल्याशिवाय त्याला सुरुवात करता येत नसेल तर पुढच्या सत्राला बघू.