नाशिकच्या वाटांसाठी फुल सस्पेन्शन सायकल घेण्याआधी

दुकानाकडे निघण्याआधी एक वही काढा आणि गेल्या तीन महिन्यांत सायकल कुठे कुठे नेली ते लिहून काढा. गावांच्या नावांपेक्षा चाकाखालची जमीन लिहा. डांबर किती, मुरूम किती, उघडा कातळ किती, शेतातली पाणंद किती. मी अशी यादी केली तेव्हा ज्याला मी ‘अंजनेरीची डोंगरातली राइड’ म्हणत होतो ती बरीचशी डांबरीच निघाली. शहरातून त्र्यंबक रोडने पायथ्यापर्यंत सुमारे वीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, मधला खडकाळ भाग जेमतेम दीड-दोन तासांचा. नाशिकमध्ये सायकल गाडीवर लादून न्यायची सोय नसेल तर बहुतेकांची यादी अशीच होईल. यादीत डांबर आणि दाबलेल्या मुरमाशिवाय काहीच नसेल, तर फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी सायकल, घेऊ नका. त्याच पैशांत कितीतरी चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, येते. पण यादीत कातळाच्या पायऱ्या, ओढ्याची पात्रं, ट्रॅक्टरने खणलेल्या चाकोऱ्या येत असतील, तर पुढे वाचा.

मागे १२० ते १३० मिलिमीटर आणि पुढे १३० ते १४० मिलिमीटर ट्रॅव्हल (सस्पेन्शन जास्तीत जास्त जेवढं दबतं ते अंतर), या पट्ट्यातली ट्रेल बाइक आपल्याकडे सगळ्यांत जास्त कामाला येते. १६० च्या सायकली उतारावर सुंदर चालतात, पण तो उतार गाठायला आपल्याला इथे स्वतःच पॅडल मारावं लागतं. मागच्या शॉकला लॉकआउटचा (दबणं बंद करणारा) किंवा निदान चढाचा खटका आहे का, आणि तो बसल्या बसल्या हाताला येतो का, हे बघा. डांबरी वीस किलोमीटरमध्ये त्याची किंमत कळते.

आपल्या शहरात सायकलिंगचं वेड रस्त्यावरच्या सायकलीने आणलं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत पूर्ण केल्यानंतर तर घराघरांत त्याची चर्चा झाली. त्यामुळे सल्ला मागाल तर तो बहुतेक रोडवाल्यांकडून मिळेल, आणि त्यांचा पहिला प्रश्न वजनाचा असेल. रोडवर तो योग्यच आहे. इथे मात्र साडेचौदा-पंधरा किलोच्या अॅल्युमिनियम सायकलला नाक मुरडू नका. आपला बेसाल्ट धारदार फुटतो, चाकाने उडवलेला दगड थेट खालच्या नळीवर आदळतो. कार्बनच्या फ्रेमसाठी मोजायचे पैसे फोर्क (पुढचं सस्पेन्शन), शॉक आणि ब्रेककडे वळवा, असं माझं ठाम मत आहे. आणि पंधरा-वीस हजारांत मागे जाड स्प्रिंग लावलेल्या सायकली दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या स्प्रिंगला डॅम्पिंग नसतं, ती दबते आणि तशीच उसळते. वजन वाढतं ते वेगळंच.

दुकानात जाताना राइडचेच कपडे, बूट आणि दोन लिटर पाण्याची भरलेली पाठपिशवी घेऊन जा. सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन जेवढं दबतं ते, त्याच वजनावर लावायचा असतो. शॉकचा दांडा ५० मिलिमीटर सरकणारा असेल तर तुम्ही नुसते बसल्यावर रबरी रिंग १४-१५ मिलिमीटरवर यायला हवी, पुढच्या फोर्कला त्याच्या ट्रॅव्हलच्या २० टक्क्यांच्या आसपास. विकणाऱ्याने शॉक पंप काढून हे लावून दिलं नाही, तर ती टेस्ट राइड धरू नका. चुकीच्या हवेवर चांगली सायकलही दगडासारखी वाटते. मग चढ शोधा, इमारतीचा रॅम्पही चालेल. बसून चढताना पुढचं चाक उचलत असेल किंवा भरकटत असेल तर सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन फार मागे झुकलेला आहे. ७६-७७ अंशांचा कोन घाटाला मानवतो, कारण चढावर मागचा शॉक दबून सीट आणखी मागे जाते. हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) ६५ ते ६६ अंशांमध्ये असला की उतारावर धीर राहतो. उंची कमी असेल तर २९ इंची चाकांची सायकल दोन पायांमध्ये घेऊन उभं राहून, सीट खाली करून, वरच्या नळीवर पाय मोकळे राहतात का तेवढं बघा.

ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवता चालवता सीट खाली-वर करणारा दांडा, हवीच. पुढे एकच दातेरी चकती आणि मागे १०-५१ किंवा ११-५० दातांची बारा गिअरची कॅसेट (चकत्यांचा संच), बस्स. ब्रेक हायड्रॉलिक, पुढचा रोटर (ब्रेकची चकती) १८० किंवा २०० मिलिमीटरचा. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. डॉट मोटारींच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतं, पण ते ओलावा ओढतं, म्हणून दरवर्षी बदलावं लागतं.

टायरवर मात्र वेळ घालवा. आपल्याकडे बाभूळ आणि बोर बांधाबांधावर आहेत, ट्यूब घालून पाणंदीत शिरलात तर एका सकाळी दोन पंक्चर ठरलेली. रिम ट्यूबलेससाठी तयार आहे ना, ते विचारून घ्या, पहिल्या दिवशीच प्रत्येक टायरमध्ये शंभर मिलिलिटरच्या आसपास सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) भरा आणि पंक्चरची वात, म्हणजे मोठ्या भोकात खोचायची रबरी पट्टी, खिशात ठेवा. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी चाक हलवून आत द्रवाचा आवाज येतो का ते ऐका. २.४ इंची रुंदी पुरते. सत्तर किलोच्या माणसाला कातळावर पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय ठीक बसतं. डांबरावर जाताना थोडी जास्त भरा आणि पायथ्याला सोडा, यासाठी छोटा गेज जवळ असू द्या. टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या नळ्या) यांच्यात दोन्ही बाजूंना करंगळी जाईल इतकी जागा हवी. दिंडोरी-निफाडकडच्या काळ्या मातीला हीदेखील जागा पुरत नाही. ओली असताना ती चाकाला अशी लपेटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, तिथे दोन दिवस ऊन पडू द्यावं आणि मगच जावं. इगतपुरी-त्र्यंबककडचा मुरूम पावसातही चालतो. अंजनेरीच्या पठारावर मात्र सायकल नेऊ नका. ते राखीव वन आहे, आणि ज्या रोपाला अंजनेरीचंच नाव मिळालं ते सेरोपेजिया अंजनेरिका तिथे उगवतं. पायथ्याला सायकल लावा आणि चालत वर जा.

सगळ्यांत मोठी चूक मी सर्व्हिसच्या बाबतीत केली. माझ्या पहिल्या सायकलचा शॉक एका वेगळ्याच मापाचा होता. विकणाऱ्याने सगळे पार्ट मिळतात असं सांगितलं, मी विश्वास ठेवला. जुलैत सील गेलं आणि किट यायला सहा आठवडे लागले. वर्षातले सगळ्यांत हिरवे रविवार मी घरी बसून काढले, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं. म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या: शॉकचं माप, पिव्हट (मागच्या सस्पेन्शनचे सांधे) बेअरिंगचे नंबर, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाचं बेअरिंग) आटे असलेलं आहे की दाबून बसवलेलं, आणि डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरणारा तुकडा) कोणता. स्रॅमने २०१९ मध्ये आणलेला युनिव्हर्सल हँगर आता अनेक कंपन्या वापरतात, तो असेल तर निम्मी काळजी मिटते. बेअरिंग साधारण मापाची असतील तर ती शहरातल्या बेअरिंगवाल्यांकडेही मिळून जातात. शॉकचं काम इथे कोण करतो, की तो कुरिअरने बाहेर पाठवावा लागतो, हे स्पष्ट विचारा. सुमारे ५० तासांनी फोर्कच्या खालच्या नळ्यांचं तेल आणि शॉकच्या एअर कॅनची (हवेच्या नळीची) सील बघायची असतात. दर रविवारी तीन तास चालवलीत तर हे चार महिन्यांत येतं, तेव्हा तो खर्च आधीच धरा.

चिखलातून आल्यावर सायकल मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेऊ नका. तो दाब पिव्हटमध्ये पाणी घालतो. बादली, मऊ ब्रश आणि मग कोरडं फडकं, एवढंच करा.

फ्रेम नंबरचा फोटो बिलासोबत ठेवा. आणि घरी आणल्यावर, पहिल्या राइडआधी, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) सगळे पिव्हट बोल्ट आवळून प्रत्येकावर पेंट मार्करने एक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर आणि अर्धी फ्रेमवर. गंगापूर धरणाच्या बाजूने पहिली फेरी मारून आलात की टॉर्च घेऊन खाली बसा. जिथे रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट फिरलाय.