कॅक्टसच्या नव्या फुटीचा फोटो काढायचाय? मग उन्हाकडं तोंड करून बसा

फेब्रुवारी संपत आला की कोल्हापुरातल्या आमच्या राजारामपुरीतल्या गच्चीवर कॅक्टसच्या डोक्यात हालचाल सुरू होते. थंडीभर गप बसलेला फेरोकॅक्टस, म्हंजे जाड काट्यांचा गोल कॅक्टस, आठवडाभरात मधोमध लालभडक काटे काढतो, आणि ते लाल बघितलं की कुणीपण खिशातनं फोन काढतंयच, पण फोटो बघितला तर एक हिरवा गोळा आणि त्यावर तपकिरी काड्या. मग लाल गेलं कुठं? कुठं गेलेलं नसतं, ऊन आपल्या पाठीमागनं पडत होतं एवढंच.

नवा काटा जुन्यासारखा गच्च नसतो, त्यातनं उजेड आरपार जातो. म्हणून समोरनं उजेड टाकला की तो मरगळलेला दिसतो आणि मागनं आला की पेटल्यासारखा दिसतो. तर पहिलं काम हे, की कुंडी तुमच्या आणि सूर्याच्या मधी ठेवायची, सकाळी आठच्या आत, ऊन तिरकं असताना. आणि खाली बसायचं, पोटावर झोपलात तर अजून चांगलं, लेन्स काट्यांच्या लेव्हलला पाहिजे. उभं राहून वरनं काढलेल्या फोटोत नवी फूट कधीच नीट दिसत नाही. ऊन थेट लेन्समध्ये घुसून फोटो पांढरट होत असेल तर दुसऱ्या हातानं किंवा वहीच्या पुठ्ठ्यानं लेन्सवर सावली धरा. दुपारच्या वेळी तर नादच सोडा, मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्या कोल्हापुरात भर दुपारी सूर्य इतका डोक्यावर येतो की सावलीच पडत नाही, तेव्हा मागनं उजेड आणणार कुठनं.

पाठीमागं काय आहे तेपण बघा. पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे असलं काय दिसायला नको. मी काळं घोंगडं टांगतो, झाडापासनं दोनतीन फूट लांब. काळा चार्ट पेपर उन्हात चमकतो पण घोंगड्याची लोकर उजेड पिऊन टाकते, त्यामुळं मागं पूर्ण अंधार आणि पुढं पेटलेले काटे, लई भारी दिसतं. फक्त काळं बघून फोन फसतो आणि फोटो नको तितका उजळ करतो, मग लाल काट्याचं नुसतं लाल फडकं होतं, आतले बारीक पट्टे जातात. त्यासाठी स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करायचा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं, फोटो जरा अंधारा वाटला तरी चालंल, अंधारा नंतर उजळता येतो पण उडालेला रंग परत येत नाही.

फोकस कुठं करायचा यावर माझं मत पक्कं आहे. सगळे टोकावर करतात. पण काटा बुडातनं वाढतो, म्हंजे टोक सगळ्यात आधी बाहेर आलेलं आणि आधी कडक झालेलं असतं, नवीन जे चाललंय ते खाली, लोकरीच्या त्या ठिपक्यापाशी. त्या ठिपक्याला अरिओल म्हणतात, कॅक्टसची खरी ओळख तीच. कुंपणाला असतो त्या त्रिधारी निवडुंगाला अरिओल नसतात, तो कॅक्टसच्या कुळातला नाहीच, आणि त्याचा चीक डोळ्यात गेला तर लई त्रास होतो, तेव्हा त्याच्याजवळ तोंड नेऊ नका. तर फोकस काटा लोकरीतनं जिथं बाहेर येतो तिथं करायचा, टोक थोडं धूसर झालं तरी फोटो बघणाऱ्याला कळतं की काहीतरी उगवतंय.

फोनचा मॅक्रो मोड, म्हंजे अगदी जवळनं फोटो काढायची सोय, बऱ्याच स्वस्त फोनात नावालाच असतो, त्यापेक्षा मेन कॅमेऱ्यानं अर्धा फूट लांबनं काढा आणि नंतर क्रॉप करा, किंवा क्लिपची मॅक्रो लेन्स लावा. पण ती लावली की झाडाच्या अगदी जवळ जावं लागतं, तेव्हा काटे लेन्सवर घासणार नाहीत हे बघा. कॅमेरा असेल तर साध्या १८-५५ लेन्समागं एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधी बसणारी पोकळ नळी) लावून काम होतं, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ ते एफ ११, त्याच्या लई पुढं गेलात, म्हंजे भोक लई बारीक केलंत, तर सगळंच थोडं धूसर होतं. एवढ्या जवळनं काढताना फोकसमध्ये जेमतेम एकदोन मिलिमीटर येतं, म्हणून फोकस थोडा थोडा पुढं सरकवत दहाबारा फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवून त्यांचा एकच फोटो करायचा. ट्रायपॉड नसला तर तांदळाची पुरचुंडी बांधा, त्यावर फोन टेकवा आणि दोन सेकंदाचा टायमर लावा.

आता लोकरवाल्यांचं वेगळं. मॅमिलारिया, अ‍ॅस्ट्रोफायटम असल्या झाडांची नवी फूट पांढरी, कापसासारखी असते, कडक उन्हात ती नुसती पांढरी फटक येते. त्यांना ढग पाहिजेत. जुलैत आपल्याकडं ढगांची काय कमी, पत्र्याखाली किंवा प्लास्टिकखाली ठेवलेल्या कुंड्या आहेत तिथंच शूट करा. ऊन असलंच तर पातळ पांढरं धोतर मधी धरा, आणि सावलीच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा.

आणि एक करू नका, पाण्याचे थेंब छान दिसतात म्हणून डोक्यावर स्प्रे मारायचा. आपल्या पावसाळी हवेत नव्या फुटीत पाणी बसलं की कुजायला वेळ लागत नाही. थेंबच पाहिजेत तर फेरोकॅक्टसकडं नीट बघा, वाढीच्या दिवसांत अरिओलपाशी तो स्वतःच गोड रसाचे बारीक थेंब काढतो आणि त्यावर मुंग्या येतात. मुंगी, थेंब आणि लाल काटा एका फ्रेममध्ये मिळवायला मला दोन सकाळी लागल्या, पण तो फोटो अजून मोबाईलच्या स्क्रीनवर आहे.

धूळ काढायची तर फुंकणीनं, ब्रशनं नाही. मी एकदा ब्रश फिरवला आणि तीन कोवळे काटे वाकले, ते आता कायमचे तसेच, काटा परत सरळ होत नाही. निळ्या खांबासारख्या कॅक्टसला तर बोटपण लावू नका, वरची पावडर निघाली की ठसा तसाच राहतो.

फोटोसाठी कुंडी हलवण्याआधी तिच्या दक्षिणेकडच्या कडेला मार्करनं खूण करा आणि काम झालं की तशीच परत ठेवा. सावलीतलं झाड फोटोसाठी उन्हात नेलं आणि विसरलं तर एका दुपारीत कोवळी बाजू भाजते, तो पांढरट डाग आयुष्यभर राहतो. फड्या निवडुंगाच्या नव्या फडीचा फोटो मात्र वेळेत काढाच, तिच्या प्रत्येक अरिओलला छोटं टोकदार पान असतं, खरं पान, आणि काही आठवड्यांत ते गळून जातं, नंतर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तिथं झोपू नका पण, त्याची बारीक कुसळं कपड्यात घुसतात, चिकटपट्टीनं काढावी लागतात.

वाढ मोजायची असंल तर दर रविवारी त्याच जागेवरनं, त्याच वेळेला एक फोटो काढा आणि शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं. चारपाच आठवड्यांचे फोटो एकाखाली एक लावले की नवी फूट बारीक आणि फिकी होत चाललीय का ते लगेच दिसतं, तसं असलं तर झाडाला उजेड कमी पडतोय. आणि प्रत्येक फोटो झूम करून लोकरीत बघत जा. एकसारखी, अरिओलवरच बसलेली असंल तर ती झाडाची लोकर, आणि खाचेत कुठंतरी पुंजका दिसला, त्यात गुलाबीसर अंग दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण आहे. कॅमेरा ठेवा आणि आधी ती कुंडी बाकीच्यांपासनं लांब करा.