सीलंट कालवण्याआधी

स्वतः बांधत असलेल्या विमानाच्या पंखातली पेट्रोलची टाकी सील करायची, तर पहिली तयारी कॅलेंडरची. डिसेंबर-जानेवारीतली एखादी सकाळ पकडा. पॉलिसल्फाइड सीलंट म्हणजे दोन भाग कालवून सांध्यांना लावायचा, वाळल्यावर रबरासारखा होणारा लेप. त्याच्या डब्यावर ‘बी-२’ असं असतं. बी म्हणजे सांध्यात भरायचा घट्ट प्रकार, आणि २ म्हणजे कालवल्यावर हाताशी असलेले तास. पण हे तास २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेचे, मुंबईचे नव्हेत. पारा साधारण साडेपाच अंश चढला की वेळ निम्मा होतो. ३१ अंशांना तासभर, आणि मे महिन्यात पत्र्याखाली अर्धा तासही नाही. दमट हवा आणखी घाई करते. माझा पहिला घाणा कांदिवलीच्या गाळ्यात, ऐन मेमध्ये. मध्येच चहा आला, दोन गप्पा झाल्या, परत येऊन बघतो तर वाटीत रबराचा गोळा. (जागेची सबब मात्र सांगू नका. इथेच चारकोपला, इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभं केलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणीही झाली.)

आदल्या दिवशी टाकी कोरडी जुळवून बघा. सगळ्या रिब (पंखाच्या आडव्या फासळ्या), पत्रा, मागची भिंत क्लेको (रिवेटच्या भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या पिना) लावून पूर्ण उभी करा, प्रत्येक भोक बसतंय का पाहा, मग सोडवा. भोकांची बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कोर, काढलेली हवी. उद्या हातमोजे काळे झाल्यावर कानस शोधायला कोणी उठणार नाही. रिवेट लांबीप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवा. सुटे भाग लावायच्या क्रमाने टेबलावर मांडा.

सीलंट बसेल तेवढा पत्रा स्कॉच-ब्राइटच्या घासणीने खरवडून खरखरीत करा, मग ॲसिटोनने पुसा. इथे एक खोड बहुतेकांना असते: ओल्या फडक्याने पुसायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. त्याने विरघळलेलं तेल जागच्या जागी परत बसतं. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं. ॲसिटोन उडून जायच्या आत टिपून घ्या. पुसलेल्या जागी उघडं बोट लावायचं नाही, आपल्या हवेत तर घाम कायमचाच. ॲसिटोन पेट घेतो, म्हणून गाळ्याचं शटर उघडं, आणि आसपास वेल्डिंग चालू असेल तर काम उद्यावर.

मोजायला सोनाराकडे असतो तसला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा. प्रमाण वजनाने १० ला १: ३० ग्रॅम पांढऱ्या मूळ मालाला ३ ग्रॅम काळा, म्हणजे घट्ट करणारा भाग. दोन्हींची घनता सारखी नसते, त्यामुळे चमच्याने मोजणं म्हणजे जुगार. डब्यावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच खरं. एकही पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत कालवा. एका वेळी ३०-४० ग्रॅमच. हातमोजे पेटीने आणा, आइस्क्रीमच्या काड्या गड्डीने, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं. कपडे पुन्हा न घालायचे. आणि जोडीला एक माणूस, स्वच्छ हातांचा, ज्याने फोन उचलायचा, दार उघडायचं आणि घड्याळ बघायचं.

पत्रा दाबल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंनी सीलंट सलग बाहेर यायला हवं. जिथे आलं नाही तिथे गळणार. मग काडीच्या गोल टोकाने कोपऱ्यात भरणी, आतल्या प्रत्येक रिवेटच्या डोक्यावर टोपी. उत्साहाच्या भरात रिबच्या खालच्या कोपऱ्यातली छोटी भोकं बुजवू नका. पेट्रोल आणि तळाचं पाणी तिथूनच निचरा-झडपेकडे जातं. वरच्या कोपऱ्यातली हवेची. टेप सीलंट ओलं असतानाच ओढा.

चाचणीचं सामान पुरतं वाळल्यावर लागेल: सायकलचा पंप, साबणाचं पाणी आणि दाब टिकतोय का ते दाखवायला टाकीला जोडायचा एक फुगा. कॉम्प्रेसर थेट जोडलात तर टाकी फुगून वाकडी होईल. एक पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाब पुष्कळ झाला, म्हणजे पारदर्शक नळीत साधारण ७० सेंटीमीटर पाणी. संध्याकाळी फुगा सुरकुतलेला दिसला तर लगेच टाकी उकलू नका. दुपारपेक्षा हवा थंड झाली की तोही बसतो. दुसऱ्या दिवशी, जितक्या अंशांना फुगवला होता तितक्याच अंशांना पुन्हा बघा.