केस-कंट्रोल अभ्यासासाठी कंट्रोल कसे मिळवायचे

केस-कंट्रोल अभ्यासात एखादा आजार झालेले रुग्ण (केस) आणि तो न झालेले लोक (कंट्रोल) यांच्या आधीच्या सवयींची तुलना करतात. रुग्ण रुग्णालयाच्या नोंदींतून मिळतात. खरी दमछाक होते ती कंट्रोल गोळा करताना. नाव यादीत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा माणूस याच काळात आजारी पडला असता, तर आपल्या रुग्णांत मोजला गेला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो अपात्र. गर्भाशयाच्या कर्करोगाच्या अभ्यासात गर्भाशय काढलेली स्त्री म्हणूनच कंट्रोल होऊ शकत नाही.

त्यानंतर यादी. लोकसंख्या नोंदवही किंवा मतदारयादी उत्तम, पण ती किती जुनी आहे आणि तिच्यात कोण नाही, हे आधी पाहा. यादीच नसेल तर नकाशावरून भाग पाडून घरं निवडतात, किंवा यादृच्छिक फोन नंबर लावतात. घरातून कोणाला घ्यायचं हे दार उघडणाऱ्यावर सोडू नका. पात्र व्यक्तींची वयानुसार यादी करून किश तक्त्यानं (यादीतली कितवी व्यक्ती घ्यायची हे आधीच ठरवून देणारा तक्ता) एक निवडा. रुग्णांचे मित्र किंवा शेजारी सहज तयार होतात, पण सवयी सारख्या असल्यानं फरक पुसट होतो. रुग्णालयातले कंट्रोल घ्यायचे तर दुसरा धोका. १९८१ मध्ये कॉफी आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या गाजलेल्या अभ्यासात अनेक कंट्रोल पोटाच्या विकारांचे रुग्ण होते. अशा लोकांनी कॉफी आधीच कमी केलेली असू शकते, त्यामुळे कॉफीच दोषी वाटते, अशी टीका त्यावर झाली.

रुग्णामागे किती कंट्रोल? एक घेतला तर जास्तीत जास्त शक्य अचूकतेच्या ५० टक्के हाती येते, दोन घेतले तर ६७, चार घेतले तर ८०. पाचवा जेमतेम ३ टक्क्यांची भर घालतो, म्हणून चारवर थांबतात. वय (पाच वर्षांचे गट) आणि लिंग जुळवणं, म्हणजे या बाबतींत रुग्णासारखाच कंट्रोल घेणं, बहुधा पुरेसं. ज्या घटकाचा परिणाम तपासायचा आहे तो मात्र कधीच जुळवू नका. मग तो मोजताच येत नाही.

नावं किती काढायची ते उलट्या बाजूनं मोजा. समजा ३०० मुलाखती हव्यात, ८५ टक्के पात्र निघतील, त्यांतले ८० टक्के भेटतील, भेटलेल्यांतले ६० टक्के होकार देतील. या तिन्हींचा गुणाकार ०.४०८. ३०० भागिले ०.४०८, म्हणजे साधारण ७३५ नावं. ती ५०-५०च्या यादृच्छिक तुकड्यांत उघडा आणि हातातली तुकडी निकाली निघाल्याशिवाय पुढची देऊ नका. कर्मचारी पटकन मिळणाऱ्यांकडे वळतात. तुकडी बंद ठेवली की ही पळवाट राहत नाही.

आधी पत्र, आठवड्याभरानं फोन. किमान सहा प्रयत्न करा: सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशीही. फक्त कामाच्या वेळेत फोन केले तर निवृत्त आणि घरी असणारेच जास्त मिळतात. प्रत्येक नावापुढे निकाल लिहा: पूर्ण, नकार, संपर्क नाही, अपात्र. नकारावर शेजारचं घर परस्पर बदली घेणं ही सर्वांत घातक सवय. प्रतिसादाचं प्रमाण कागदावर छान दिसतं, पण ते खोटं असतं.

प्रत्येक कंट्रोलला संदर्भ तारीख द्या, जुळलेल्या रुग्णाच्या निदानाची. धूम्रपान, औषधं वगैरे त्या तारखेआधीचंच विचारायचं. भरतीही रुग्णांबरोबरच चालू ठेवा, शेवटी एकदम नको.

नकार देणाऱ्याला सोडण्याआधी, त्याची तयारी असेल तर, तीनच प्रश्न विचारा: वय, शिक्षण, धूम्रपान. नकार देणारे होकार देणाऱ्यांपेक्षा कशात वेगळे आहेत, ते या तीन आकड्यांवरून कळतं.